मांडीतलं हाड

लातूर, ४ ऑगस्ट २०२५

कॉन्स्टेबल मॅडम, जय भीम.

माझा नंबर तू ब्लॉक केलास म्हणून हा पोस्टाचा रस्ता धरला. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. पाकीट डिंक लावून घट्ट चिकटवलं आहे, म्हणजे तुझी ती रूममेट गीतांजली आधी वाचून मग तुझ्या हातात देणार नाही. तरी वाचलंच असेल तर तिलाही माझा नमस्कार.

तू रागानं बॅग उचलून नांदेडच्या गाडीत बसलीस त्याला आठवडा झाला. लंगडत गेलीस. मी स्टँडपर्यंत मागं आलो होतो, तू वळून पाहिलं नाहीस. लग्नाला तीन वर्षं झाली, तुझी नोकरी तिकडं, माझी इकडं, शनिवार-रविवारचा आपला संसार. त्यातून तीन आठवडे सलग तू घरात होतीस आणि त्याचा शेवट असा केलास.

काल गीतांजलीच्या स्टेटसला फोटो पाहिला. विष्णुपुरीचं तुमच्या क्रीडा मंडळाचं मैदान. तू बाकावर बसली आहेस, आणि तुमचा फिजिओ वैजनाथ तुझ्यासमोर उकिडवा बसून तुझी टाच दोन्ही हातांत धरून आहे. तू हसते आहेस. मी फोटो मोठा करून पाहिला, हसतेच आहेस. माझ्याकडे तीन आठवडे होतीस, एकदा तरी अशी हसलीस का?

मला कुणाचा हेवा वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी अकरावी-बारावीच्या पोरांना बायॉलॉजी शिकवणारा माणूस आहे. मला फक्त चूक दिसली की गप्प बसवत नाही. सहा जुलैला इथं लातूरला तुमची कबड्डीची मॅच होती तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. तू चढाईला गेलीस, समोरच्या पोरीनं झेप घेतली आणि तिचा गुडघा तुझ्या मांडीच्या पुढच्या बाजूवर बसला. तू ओरडली नाहीस, पण तुझा चेहरा मला कळतो. मी कुंपणावरून उडी मारेपर्यंत हा पठ्ठ्या बर्फाची पिशवी घेऊन पोचलासुद्धा. तुझा गुडघा वाकवून, मांडीवर हात दाबून, पट्टा गुंडाळून मोकळा. नवरा कुंपणाला लोंबकळतो आहे आणि हा सगळ्या गावासमोर मांडी बांधतो आहे.

बर्फ काय, गोळेवाल्याकडेही असतो. आत काय झालं ते त्याला विचार. मांडीच्या स्नायूचे धागे समोरून गुडघा आणि मागून हाड असे दोन्हीकडून चिरडले गेले. बारीक रक्तवाहिन्या फुटल्या, रक्त आतल्या आत साठलं. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावतात, मेलेलं मांस खाऊन साफ करतात. सूज, लाली, ठणका हे सगळं त्यांच्या कामाचं लक्षण. आता मला सांग, कामगार कामावर आलेत आणि तू त्यांच्या अंगावर बर्फ ओततेस? उलट ऊब द्यावी, रक्त खेळतं ठेवावं. म्हणून मी गरम तेल लावलं. हे शास्त्र आहे, तुमच्या वैजनाथचा डिप्लोमा नव्हे.

आणि एक विचारतो. तुझा मोबाइल मैदानात फुटला होता, सगळ्यांचे फोन माझ्यावरच येत होते. नवा येईपर्यंतच्या त्या दिवसांत त्यानं एकदा तरी चौकशी केली का? तूच विचारलं होतंस, ‘‘वैजनाथ सरांचा फोन आला होता का?’’ मी नाही म्हणालो. ज्याला पर्वा नव्हती त्याच्या हातात आता टाच देऊन बसली आहेस.

आई चाकूरहून आली की तुझं विचारते. काय सांगू ते कळव.

आनंदराज


लातूर, १३ ऑगस्ट

लुंबिनी,

उत्तर नाही. बरं.

आई परवा आली. येताना तेलाची दुसरी बाटली घेऊन आली. तीळ, लसूण, ओवा, तेच. ‘‘पोरीचा पाय कसा हाय? तेल संपलं असंल म्हून कढवून आणलंय,’’ म्हणाली. तू गेलीस हे मी तिला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. ती बाटली तशीच पिशवीत घालून परत घेऊन गेली आणि जाताना मला एक शब्द बोलली नाही. नागुबाई बोलत नाही म्हणजे किती चिडली असेल ते तुला माहीत आहे.

आज वर्गात जखम भरून येण्याचा भाग होता. स्नायूच्या प्रत्येक धाग्याच्या कडेला काही पेशी झोपलेल्या असतात. धागा धडधाकट असेपर्यंत त्यांचं काही काम नसतं. मार लागला की त्या जाग्या होतात, वाढतात, एकमेकींना चिकटून नवा धागा तयार करतात. शरीरात रक्ताच्या पेशी वेगळ्या, मज्जेच्या वेगळ्या, हाडाच्या वेगळ्या, जिचं तिचं काम ठरलेलं. पण ह्या झोपलेल्या पेशी मला फार आवडतात. मी उदाहरण म्हणून तुझी मांडी घेतली. नाव घेतलं नाही. तरी मागच्या बाकावरून कुणीतरी ‘कबड्डी’ असं म्हणालंच आणि सगळा वर्ग खिदळला. मला आता पोरं कबड्डी सर म्हणतात हे तुला कुणी सांगितलं नसेल.

तू जाताना म्हणालीस, ‘‘तुम्ही माझा पाय पाहिला न्हाई, त्यावर कुणाचा हात लागला तेवढं पाहिलं.’’ हे वाक्य मी पंधरा दिवस चघळतो आहे. मी काय केलं गं? सेवाच केली. सकाळी क्लासला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, दोन्ही वेळा. घरी आल्याबरोबर त्याचा तो पट्टा सोडून टाकला, खरं आहे. मांडीत लिंबाएवढी गाठ लागत होती, ती अंगठ्यानं दाबून फोडायचा प्रयत्न केला, हेही खरं. तू पलंगाचा दांडा धरायचीस. ‘‘अहो, थांबा ना, लई ठणकून राहिलंय,’’ म्हणायचीस. मी म्हणायचो, ठणकतंय म्हणजे लागू पडतंय. आपल्याकडे सगळे असंच म्हणतात, मी काही वेगळं बोललो नाही.

अर्जुनरावांना मी फोन केला होता, लपवत नाही. ते मंडळाचे कोच, वयस्कर माणूस, सगळ्या मुलींची जबाबदारी त्यांच्यावर. मी एवढंच म्हणालो की तुमचा फिजिओ तरुण आहे, आमच्या घरात त्यावरून भांडण झालं आहे, जरा लक्ष असू द्या. यात वावगं काय? शेवटच्या दिवशी तुझ्या नव्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ कॉल आला आणि तू पाय कॅमेऱ्यापुढं केलास, तेव्हा मी फोन हिसकावला, हे मात्र थोडं जास्त झालं. मान्य.

ऑक्टोबरात राज्य संघाची निवड आहे. तेवढ्यात बरी होशील. पण बरी झालीस की श्रेय त्याला जाईल, हे मला आजच दिसतं आहे.

आनंदराज


लातूर, २४ ऑगस्ट

लुंबिनी,

गीतांजलीनं एक्स-रेचा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलंय: ‘गुडघा नव्वदच्या पुढं वाकत न्हाई. तुम्ही शिकवता ना, बघा.’

मी पाहिला. मांडीचं हाड जागच्या जागी, छान आहे. पण त्याच्या पुढं, जिथं नुसतं मांस असायला पाहिजे, तिथं एक ढग आहे. कडेनं पांढरा, अंड्याच्या टरफलासारखा. मांसात हाड उगवलं आहे, लुंबिनी. पुस्तकात याला एक परिच्छेद असतो, परीक्षेला कधी येत नाही म्हणून मी तो नेहमी सोडून देतो.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगू? आनंद झाला. तुझा पाय अडकला याचा नाही, तसा मी राक्षस नाही. वैजनाथ उघडा पडला याचा. चार आठवडे तुझा पाय हातात घेऊन बसला आणि केलं काय, तर मांसाचं हाड! मी स्टाफरूममध्ये एक्स-रे दोघांना दाखवला. ‘फिजिओची कमाल’ असं म्हणालो. चहा मी पाजला.

गीतांजलीनं असंही लिहिलंय की अर्जुनराव वैजनाथवर भडकले आहेत. त्यानं पाय जोरानं वाकवला म्हणून हे झालं असं त्यांचं म्हणणं. पंधरा सप्टेंबरला मंडळाची बैठक आहे, त्यात त्याला काढणार. म्हाताऱ्याला अक्कल आहे. मी आधीच सांगितलं होतं लक्ष ठेवा म्हणून, आता पटलं.

हा एक्स-रे घेऊन मी इथल्या हाडाच्या डॉक्टरांकडे जातो. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात आहे, फी घेणार नाहीत. त्यांच्याकडून पक्कं मत घेतो आणि तुला पाठवतो. मग तरी कळेल कुणाच्या हातात काय होतं.

आनंदराज


लातूर, २८ ऑगस्ट

लुंबिनी,

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तीन दिवस हे पत्र लिहायचं टाळलं.

त्यांनी मोबाइलवरच फोटो मोठा केला, थोडा वेळ बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘मालिश कोणी केली?’’

मी म्हणालो, पायाला फिजिओ लावला आहे. ते म्हणाले, ‘‘फिजिओचं न्हाई विचारत. पहिल्या पंधरा दिवसांत कोणी चोळलं? गरम करून?’’ ते त्यांच्या नादात बोलत राहिले. ही कड बघा म्हणाले, पांढरी पक्की झाली आहे. एवढी कड धरायला वेळ लागतो. मार लागल्यावर लगेचच्या पंधरवड्यात हे काम सुरू झालेलं आहे. ‘‘आपल्याकडं हे लई बघतो मी. पैलवान, कबड्डीची पोरं. घरचे मायेनं चोळतात आन् मांडीत हाड घेऊन येतात.’’

त्या पंधरवड्यात तू कुणाच्या घरी होतीस ते मला माहीत आहे.

आत काय झालं ते मी आता नीट सांगू शकतो, कारण आल्यावर तो सोडून दिलेला परिच्छेद आणि त्याच्या पुढचं बरंच काही वाचलं. फुटलेल्या रक्तवाहिन्या दोन-तीन दिवसांत बुजू लागतात. पांढऱ्या पेशी घाण साफ करून वाट मोकळी करतात. मग त्या झोपलेल्या पेशींनी जागं होऊन नवे धागे विणायचे. त्यासाठी जागा शांत लागते. मी रोज दोन वेळा ती जागा गरम करून, अंगठ्यानं दाबून नव्यानं फोडत होतो. सकाळी थोडं बुजलं की संध्याकाळी परत रक्त. मज्जातंतू ठणकून सांगत होते की थांबवा, तू तोंडानं सांगत होतीस, आणि मी लागू पडतंय म्हणत होतो. असं रोज रोज झालं की तिथल्या काही पेशी धागा विणायचं सोडून हाड घडवणाऱ्या पेशी होतात आणि चुना धरू लागतात. त्यांचा काही दोष नाही. मोडलेल्या हाडापाशी त्यांनी हेच केलं असतं तर आपण कौतुक केलं असतं.

बर्फ, पट्टा, वाकवून बांधलेला गुडघा, कुणी हात न लावणं, हेच त्या दिवसांतलं औषध होतं. म्हणजे वैजनाथनं मैदानात केलं ते सगळं बरोबर होतं. हे वाक्य दोनदा खोडलं, ती खाडाखोड तुला दिसेलच.

आता उपाय असा. ते हाड पिकेपर्यंत त्याला डिवचायचं नाही. सहा महिने, वर्षसुद्धा. कधीकधी शरीर आपणहून ते थोडं विरघळवून टाकतं, तशाही पेशी असतात. नाहीच झालं तर वर्षानं ऑपरेशन. आत्ता घाईनं कापलं तर दुप्पट येतं म्हणाले. म्हणजे ऑक्टोबर गेला. निवड गेली. तुझं वय एकोणतीस आहे, पुढच्या वर्षी तीस, हे गणित मी तुला सांगायची गरज नाही.

वैजनाथच्या नोकरीचं काय ते अर्जुनराव बघतील. तो त्यांचा प्रश्न आहे.

आनंदराज


लातूर, ६ सप्टेंबर

लुंबिनी,

काल गीतांजलीनं फोन केला. स्वतःहून. अर्धा तास मला झोडपलं. पोलिसातली पोरगी आहे, शिव्या देताना श्वास घेत नाही.

ती म्हणाली, ‘‘सर, तुम्ही पत्रात लिव्हलं की वैजनाथ सरांचा फोन आला न्हाई. तिनं ते पत्र वाचून माझ्यापुढं टाकलं. तिला पहिल्याच दिवशी कळलंय. नांदेडात आल्या आल्या तिनं त्यांना विचारलं, सर एक फोन का केला न्हाई? ते म्हणाले, मी तुमच्या मिस्टरांना दोनदा सांगितलं, तेल लावू नका, शेकू नका, पट्टा सोडू नका.’’

म्हणजे तुला माहीत होतं. माझं पहिलं पत्र हातात धरून तू बसली असशील आणि मी त्यात छाती पुढं काढून विचारतो आहे, त्यानं चौकशी तरी केली का. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

हो, आला होता त्याचा फोन. पहिल्यांदा मी म्हणालो बरं, सांगतो. दुसऱ्यांदा म्हणालो, आमच्या घरचं आम्ही बघू, आणि ठेवून दिला. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. त्याचं ऐकलं असतंस आणि माझा हात बाजूला केला असतास. तेवढंच मला नको होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा तुला माझी गरज होती. एरवी तू चढाईला जातेस, गुन्हेगार पकडतेस, रात्रपाळी करतेस आणि मी इथं पोरांचे पेपर तपासतो. त्या तीन आठवड्यांत तुला पाणीसुद्धा मी दिलं तर मिळत होतं. मला ते आवडलं होतं.

गीतांजलीनं पुढचं सांगितलं ते मला आधी खरं वाटेना. तू अर्जुनरावांकडे गेलीस आणि सांगितलंस की दोष वैजनाथचा नाही, माझ्या घरी मालिश झाली, फोनवरचा निरोप मला मिळाला नाही. आणि अर्जुनराव म्हणाले, ‘‘तू त्याचीच बाजू घेणार, पोरी. तुझ्या नवऱ्यानं मला आधीच सांगितलंय.’’ माझ्या त्या एका फोननं तुझी साक्ष खोटी पाडली. आता तू जितकं त्याच्या बाजूनं बोलशील तितकं त्यांना भलतंच वाटणार. वैजनाथचं नाव असं झालं तर दुसरीकडंही कुणी मुलींच्या संघाला त्याला घेणार नाही. त्याला वाचवू शकतो तो फक्त मी. गीतांजली म्हणाली, ‘‘पंधरा तारखेच्या आधी या आन् तोंडानं सांगा. तिला विचारू नका, ती तुम्हाला या म्हणणार न्हाई.’’

आता खरं सांगतो, तुझ्यापासून लपवून काही उरलेलं नाही. मला जायचं नाही. तो गेला तर मला बरं वाटेल. मी तिथं येऊन बोललो तर तो माझ्यासमोर स्वच्छ होऊन उभा राहील. स्वभावानं चांगला, कामात चांगला, तुझी टाच धरणारा, आणि मी मांडीत हाड उगवणारा. मग तू आमच्या दोघांकडं बघशील. ते मला बघवणार नाही. एखाद्या माणसात काही तरी वाईट असावं असं मी कधी इतकं मनापासून मागितलं नव्हतं. गेल्या महिन्याभरात त्याचं फेसबुक तळापासून पाहिलं. काही सापडलं नाही. आईला घेऊन माहूरला गेला होता, त्याचे फोटो आहेत फक्त.

वर्गात गेलो तरी डोक्यात हेच असतं. काल फळ्यावर हृदय काढलं आणि नावं दुसऱ्याच कशाची दिली. पोरींनी सांगितलं तेव्हा कळलं.

येईन की नाही मला माहीत नाही.

आनंदराज


लातूर, १७ सप्टेंबर

लुंबिनी,

आज मुक्तिसंग्राम दिन, क्लासला सुट्टी आहे. शाळेतून झेंडावंदनाचा आवाज येतो आहे. रविवारी जे झालं ते तू पाहिलंसच, तरी माझ्याकडून लिहितो, कारण तिथं मी जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोललो नाही.

रविवारी पोरांची टेस्ट असते, ती दुसऱ्याच्या गळ्यात मारून सकाळच्या गाडीनं निघालो. वाटेत दोन वेळा उतरून परत फिरावं वाटलं. लोह्याला तर उतरलोही, चहा घेतला, गाडी सुटायला लागली तेव्हा पळत चढलो. कंडक्टर म्हणाला, ‘‘सर, ठरवा, जायचं हाय का न्हाई.’’ त्याला काय माहीत.

मंडळाच्या त्या पत्र्याच्या खोलीत अर्जुनराव खुर्चीत, वैजनाथ खिडकीपाशी, तू पाय लांब करून पलंगावर. मी तुला किती दिवसांनी पाहत होतो. तू बारीक झाली आहेस. तुझी डावी मांडी उजवीपेक्षा वाळली आहे, पँटमधूनही कळतं. वापर नसला की स्नायू असा उतरतो हे मी दरवर्षी शिकवतो.

मी उभ्याउभ्याच बोललो. पट्टा मी सोडला. गरम तेलानं मी चोळलं. वैजनाथचा फोन आला होता, दोनदा, आणि मी तिला सांगितलं नाही. आणि तुम्हाला मी फोनवर जे सुचवलं त्याला काही आधार नव्हता, माझं डोकं फिरलं होतं. हे शेवटचं वाक्य मी अर्धं सोडून परत सुरू केलं, तू पाहिलंस. अर्जुनरावांनी चष्मा काढला. मग म्हणाले, ‘‘सर, तुम्ही पोरांना हेच शिकवता म्हणं की.’’ बैठकीत वैजनाथला काही विचारणार नाही असं त्यांनी तिथंच सांगितलं. तुला म्हणाले, ‘‘माझं चुकलं, बाई.’’

वैजनाथ चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती, तरी मी घरी येऊन त्याला नावं ठेवू शकलो असतो. तो म्हणाला, ‘‘जाऊ द्या सर. आता पुढचं बघू.’’ असल्या माणसाचं काय करायचं?

मग त्यानं कपाटातून गुडघा किती वाकतो ते मोजायची प्लास्टिकची बिजागरीची पट्टी काढली. मला समजावून सांगायला लागला, जसं मी पोरांना सांगतो तसं, सावकाश. मॅडम स्वतः गुडघा वाकवणार. दुखायला लागलं की तिथंच थांबायचं. कुणी दाबायचं नाही, ओढायचं नाही. पट्टीचा एक दांडा मांडीवर, एक पोटरीवर, मधला आकडा वाचायचा. ‘‘शनिवारी-रविवारी मॅडम लातूरला आल्या तर तिथं कोणतरी मोजायला पायजे. सर, तुम्ही शिकून घ्या. हात लावायचा न्हाई, नुसतं मोजायचं.’’ आणि पट्टी माझ्यापुढं धरली.

मी हात पुढं केला होता. खरंच केला होता. माझ्या मनात एवढंच आलं की शनिवारी म्हणाला, म्हणजे ती येणार असं ह्याला वाटतंय.

तू म्हणालीस, ‘‘त्यांच्या हातात देऊ नका.’’

आवाज चढवला नाहीस. आमच्या कुणाकडं पाहिलंही नाहीस. वैजनाथ अवघडला. अर्जुनराव उगाच चष्मा पुसू लागले. माझा हात तसाच पुढं होता, तो मागं कसा घ्यावा ते मला सुचेना. मग तू स्वतःच पट्टी घेतलीस, मांडीला लावलीस, ओठ घट्ट मिटून गुडघा वाकवत गेलीस. कपाळावर घाम आला तुझ्या. मी पुढं सरकलो नाही, एवढं एक मला जमलं. दुखल्यावर थांबलीस, वाकून आकडा वाचलास आणि वैजनाथला सांगितलास.

हळू बोललीस. मी दारापाशी होतो, बाहेर पोरींचा सराव चालू होता, मला ऐकू आलं नाही. त्यानं मान डोलावली आणि ‘‘चांगलं हाय,’’ म्हणाला. तीन दिवस झाले, मला दुसरं काही सुचत नाही. ऑपरेशन लागेल की ते आपणहून विरघळेल, तू घरी येशील की नाही, यातलं काही मी विचारत नाही. तेवढं एक सांग, लुंबिनी. किती होता?

आनंदराज